व्हिसा अर्ज: पासपोर्ट देण्यापासून तो परत हातात येईपर्यंत

व्हिसा मिळणार की नाही, हे आपल्या हातात नसतं. पण पासपोर्ट कुठे द्यायचा, तो किती दिवस दुसऱ्याच्या ताब्यात राहील आणि परत कसा घ्यायचा, हे बरंचसं आपण ठरवू शकतो. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांची सगळी शक्ती फॉर्म भरण्यात आणि बँकेचे कागद जमवण्यात जाते. पासपोर्ट एकदा आत गेला की मग रोज ट्रॅकिंगचं पान उघडून बसणं, एवढंच उरतं. हा लेख त्या राहून गेलेल्या भागाबद्दल आहे. देश कोणताही असो, सहल असो की शिक्षण, प्रत्येक पायरीवर स्वतःला एकच प्रश्न विचारा: माझा पासपोर्ट आत्ता कुणाकडे आहे, आणि इथून पुढे कुणाकडे जाणार?

केंद्र वेगळं, वकिलात वेगळी

बहुतेक देश आता व्हिसाचे अर्ज स्वतःच्या दारात घेत नाहीत. ते काम खासगी कंपन्यांकडे दिलेलं असतं. २००१ मध्ये सुरू झालेली व्हीएफएस ग्लोबल ही त्यातली सर्वांत ओळखीची. टीएलएसकॉन्टॅक्ट आणि बीएलएस इंटरनॅशनल ही आणखी दोन नावं. ही केंद्रं अर्ज स्वीकारतात, शुल्क घेतात, बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, फाइल वकिलातीकडे पाठवतात आणि निर्णयानंतर पासपोर्ट तुम्हाला परत देतात. निर्णय मात्र त्या देशाचे व्हिसा अधिकारीच घेतात. पोस्टाच्या खिडकीवर बसलेल्या माणसाला पत्रात काय लिहिलंय ते ठाऊक नसतं, तसंच हे.

म्हणून काउंटरवर "एवढ्या बँक बॅलन्सवर होईल का हो?" असं विचारण्यात अर्थ नाही. उत्तर मिळालंच, तरी त्याला किंमत नाही. याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. एखादा कागद कमी आहे, असं केंद्रातला कर्मचारी म्हणाला, तर तो त्याच्या यादीप्रमाणे बोलत असतो. तो कागद तुमच्या बाबतीत लागूच नाही अशी खात्री असेल, तर शांतपणे तसं सांगा. कागद अपुरे असूनही अर्ज द्यायचा आहे, असं सहसा लिहून सही घेतात आणि फाइल पुढे जाते. ही सही विचार करून करा. खरोखर लागणारा कागद राहिला असेल, तर परत येऊन तो देणं हे नकार मिळण्यापेक्षा स्वस्त पडतं.

केंद्राचा पत्ता शोधताना थेट सर्च करू नका. आधी त्या देशाच्या दूतावासाच्या किंवा परराष्ट्र खात्याच्या अधिकृत साइटवर जा आणि तिथल्या लिंकवरून केंद्राच्या साइटवर पोहोचा. हुबेहूब दिसणाऱ्या नकली साइट आणि पैसे घेऊन अपॉइंटमेंट विकणारे लोक या वाटेवर भरपूर आहेत.

पायरी १: अर्ज कुठल्या दारात द्यायचा

स्वतःच्या देशात राहून अर्ज करत असाल, तर हा प्रश्न सोपा. नोकरी किंवा शिक्षणासाठी तिसऱ्याच देशात राहत असाल, तर नियम साधारण असा: जिथे तुम्ही कायदेशीररीत्या राहता, तिथूनच अर्ज करायचा. तिथला रहिवासी परवाना त्यासाठी दाखवावा लागतो. तो परवाना ठरलेल्या प्रवासानंतर लगेच संपत असेल, तर आधी त्याचं नूतनीकरण करून घ्या. पर्यटक म्हणून गेलेल्या देशातून पुढच्या देशाचा व्हिसा काढण्याचा बेत बहुतेक वेळा फसतो. अमेरिकेनेही सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं, की नॉन-इमिग्रंट (कायम स्थायिक होण्यासाठी नसलेल्या) व्हिसाची मुलाखत अर्जदाराने आपल्या राष्ट्रीयत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच द्यावी.

शेंगेनसाठी, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटासाठी, आणखी एक गोष्ट ठरवावी लागते. २९ देशांचा व्हिसा एकच असला, तरी अर्ज कुठल्याही देशाकडे करता येत नाही. ज्या देशात जास्त दिवस राहणार, त्याच्याकडे अर्ज करायचा. दिवस सारखेच असतील, तर जिथून आत शिरणार, त्या देशाकडे. दुसऱ्याच देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून तिकडे अर्ज टाकणारे असतात. हॉटेलचं बुकिंग आणि अर्ज यांचा मेळ बसत नाही हे अधिकाऱ्याच्या लगेच लक्षात येतं.

पायरी २: पासपोर्ट कधी आत जाणार, हे आधी समजून घ्या

या बाबतीत प्रत्येक देशाची तऱ्हा वेगळी आहे, आणि पासपोर्ट किती दिवस अडकून राहणार हे यावरच ठरतं.

शेंगेनच्या अर्जात पासपोर्ट पहिल्याच दिवशी द्यावा लागतो आणि तो निर्णय होईपर्यंत तिकडेच राहतो. अमेरिकेच्या बाबतीत मुलाखत होईपर्यंत तो तुमच्याच खिशात असतो. मुलाखतीत अधिकाऱ्याने होकार दिला की तो पासपोर्ट ठेवून घेतो, व्हिसा छापला जातो आणि अपॉइंटमेंट घेताना तुम्ही निवडलेल्या ठिकाणी किंवा पत्त्यावर तो परत येतो. कॅनडाचा क्रम याच्या उलटा: अर्ज ऑनलाइन जातो, ठसे केंद्रात देता, पण पासपोर्ट मात्र अर्ज मंजूर होऊन तो मागवणारं पत्र आल्यावरच द्यायचा. पत्र येण्याआधी पाठवून उपयोग नाही. ब्रिटनचा अर्जही ऑनलाइन भरून कागद अपलोड करता येतात, मग ठशांसाठी केंद्रात जावं लागतं. काही ठिकाणी जादा पैसे भरून पासपोर्ट स्वतःकडे ठेवण्याची सोय मिळते. आणि ऑस्ट्रेलियाने तर १ सप्टेंबर २०१५ पासून पासपोर्टवर व्हिसाचं लेबल लावणंच बंद केलं. तिथे मंजुरीचं पत्र ईमेलने येतं आणि व्हिसा पासपोर्ट क्रमांकाशी डिजिटल पद्धतीने जोडलेला असतो.

यावरून एक साधा हिशेब मांडा. पासपोर्ट आत असेल त्या दिवसांत दुसरा एखादा प्रवास आहे का? रहिवासी परवान्याचं किंवा बँकेचं एखादं काम आहे का, ज्याला मूळ पासपोर्ट लागेल? दोन देशांचे व्हिसा लागोपाठ हवे असतील, तर ज्या देशाला पासपोर्ट उशिरा लागतो, त्याचा ऑनलाइन अर्ज आधी टाकून ठेवता येतो. मात्र दोन्हीकडून एकाच वेळी पासपोर्टची मागणी आली तर काय करायचं, हेही तेव्हाच ठरवून ठेवा.

पायरी ३: फाइल तयार करणं

आधी पासपोर्टच तपासा. शेंगेनसाठी तो गेल्या १० वर्षांत दिलेला असावा लागतो, परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध असावा लागतो आणि त्यात किमान २ कोरी पानं हवीत. इतर देशांचे आकडे वेगळे असतील, पण तपासायच्या गोष्टी याच.

नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षर न अक्षर. ज्यांच्या पासपोर्टवर सगळं नाव आडनावाच्या रकान्यात छापलंय आणि दिलेल्या नावाचा रकाना कोरा आहे, त्यांची इथे नेहमी पंचाईत होते. अमेरिकेच्या डीएस-१६० या ऑनलाइन व्हिसा फॉर्ममध्ये अशा वेळी दिलेल्या नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) लिहायचं असतं. पुढे तिकिटावर आणि अपॉइंटमेंटवर नाव त्याच पद्धतीने येईल याची काळजी घ्या. याच फॉर्मची दुसरी खोड म्हणजे सुमारे २० मिनिटं काही केलं नाही की सत्र बंद पडतं. म्हणून सुरुवातीला मिळणारा अर्ज क्रमांक लगेच लिहून ठेवा आणि मधून मधून सेव्ह करत राहा.

फोटोचा आकार देशागणिक बदलतो. शेंगेनला ३५ बाय ४५ मिलिमीटर, अमेरिकेला ५१ बाय ५१. जुना फोटो कापून बसवू नका. चेहऱ्याचं प्रमाण चुकतं आणि अर्ज काउंटरवरूनच परत फिरतो.

आता मूळ कागदांचा प्रश्न. केंद्राच्या यादीत 'मूळ' असं स्पष्ट लिहिलं असेल, तरच मूळ कागद द्या. बाकी ठिकाणी झेरॉक्स द्या आणि मूळ फक्त दाखवायला सोबत न्या. पदवीचं प्रमाणपत्र, जन्मदाखला, विवाह नोंदणीचा दाखला हे कागद परत मिळवायला पासपोर्टपेक्षा जास्त त्रास होऊ शकतो, कारण पासपोर्टच्या हालचालीची नोंद होते, तशी या सुट्या कागदांची होईलच असं नाही. द्यावेच लागले, तर कोणकोणते मूळ कागद दिले त्याची यादी फाइलच्या वरच ठेवा आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा.

देण्याआधी पासपोर्टची सगळी पानं स्कॅन करा. फक्त फोटोचं पान नाही, जुने व्हिसे आणि शिक्के असलेली पानंही. पासपोर्ट तिकडे असताना कुणी 'मागचा प्रवास कधी झाला' असं विचारलं, तर दुसरा काही आधार नसतो. भाषांतर लागणारे कागद असतील, तर मूळ आणि भाषांतर एकामागे एक लावा.

पायरी ४: अपॉइंटमेंटचा दिवस

वेळेच्या थोडं आधी पोहोचा. खूप आधी गेलात तर बाहेरच उभं करतात. मोठी बॅग किंवा लॅपटॉप अनेक केंद्रांत आत नेऊ देत नाहीत, काही ठिकाणी मोबाइलही बंद करायला लावतात. म्हणून अपॉइंटमेंटचं पत्र, बारकोड असलेलं पान आणि पेमेंटची पावती कागदावर छापून न्या.

आत गेल्यावर टोकन, मग कागदांची तपासणी, मग शुल्क, शेवटी बायोमेट्रिक, म्हणजे ठसे आणि फोटो, असा साधारण क्रम. शुल्क भरताना दोन रकमा वेगळ्या ओळखा: व्हिसा शुल्क त्या देशाचं आणि सेवा शुल्क केंद्राचं. शेंगेनचं शुल्क ११ जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो आहे, ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ४५, आणि त्यांच्या नियमाप्रमाणे केंद्राचं सेवा शुल्क साधारणपणे व्हिसा शुल्काच्या निम्म्याहून जास्त असता कामा नये. एसएमएस, वेगळी बैठक, झेरॉक्स, फॉर्म भरून देणं या सगळ्या ऐच्छिक सेवा आहेत. त्यातल्या कशानेही निर्णय लवकर लागत नाही आणि निकालही बदलत नाही. माझ्या मते त्यातली एकच सेवा कधी कधी पैसे घालण्यासारखी असते: कुरिअर. तेही केंद्र लांब असेल तरच.

बोटाला चीर गेली असेल किंवा पट्टी असेल, तर ठसे नीट उमटत नाहीत आणि पुन्हा बोलावलं जाऊ शकतं. दिलेले ठसे प्रत्येक वेळी नव्याने द्यावे लागतातच असंही नाही. शेंगेनच्या यंत्रणेत ते ५९ महिने वापरता येतात. कॅनडात बायोमेट्रिक १० वर्षं चालतं. लहान मुलांना सूट असते: शेंगेनसाठी १२ वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, कॅनडात १४ वर्षांखालच्यांचे.

बाहेर पडण्याआधी पावती वाचा. वाचा म्हणजे खरंच वाचा, तिथेच उभं राहून. संदर्भ क्रमांक, नावाचं स्पेलिंग, पासपोर्ट क्रमांक, फोन नंबर, आणि पासपोर्ट परत कसा मिळणार, केंद्रातून की कुरिअरने. कुरिअर असेल तर पूर्ण पत्ता, पिनकोडसकट. चूक त्याच काउंटरवर दोन मिनिटांत दुरुस्त होते, नंतर तीच दुरुस्त करायला ईमेलची साखळी लागते. पावतीचा फोटो काढा आणि मूळ पावती जपा. पासपोर्ट परत घ्यायला तीच लागणार आहे.

पायरी ५: वाट पाहणं

ट्रॅकिंगवर जे दिसतं, ते फाइल कुठे आहे एवढंच सांगतं. 'वकिलातीकडे पाठवला', 'वकिलातीत प्रक्रिया सुरू', 'केंद्रात परत आला' या नोंदींत होकार-नकाराची सूचना शोधू नका, ती तिथे नसते. लवकर परत आला म्हणजे नकार, उशीर झाला म्हणजे होकार, अशी गणितं लोक मांडतात. त्यांना काही आधार नाही.

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून देता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाची नेहमीची मुदत १५ दिवस, पण अधिक तपासणी लागली तर ती ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकते. म्हणून '१५ दिवस आधी' ही शेवटची सीमा समजा. त्या भरवशावर प्रवास आखू नका. परत न मिळणाऱ्या भाड्याची तिकिटं व्हिसा हातात येईपर्यंत न काढलेलीच बरी.

या काळात ईमेलचा स्पॅम फोल्डर रोज बघा. वकिलातीने जादा कागद मागवलेलं पत्र तिथे पडून राहिलं, की अर्ज विनाकारण लांबतो. अमेरिकेच्या मुलाखतीनंतर हातात २२१(जी) कलमाचा, म्हणजे निर्णयासाठी आणखी काही हवं असल्याचा, कागद मिळाला, तर त्यावर काय द्यायचं आहे ते लिहिलेलं असतं. अशा वेळी ऑनलाइन स्थिती 'रिफ्यूज्ड' (नाकारला) दिसते आणि लोक हादरतात. पण या कलमाखाली प्रकरण उघडं राहू शकतं. मागितलेले कागद एका वर्षाच्या आत द्यायचे असतात, नाहीतर नवा अर्ज आणि नवं शुल्क.

मधेच पासपोर्टची निकड लागली तर? केंद्राला आणि वकिलातीला लेखी विनंती करा, कारण आणि पुरावा जोडून. काही वकिलाती तात्पुरता परत देतात, पण बऱ्याच ठिकाणी पासपोर्ट मागणं म्हणजे अर्ज मागे घेणं असंच धरलं जातं आणि शुल्क परत मिळत नाही. विनंती पाठवण्याआधी हे विचारून घ्या.

पायरी ६: पासपोर्ट परत घेणं

स्वतः जाणार असाल तर मूळ पावती आणि ओळखपत्र न्या. परत देण्याची वेळ अर्ज घेण्याच्या वेळेपेक्षा वेगळी असते, ती साइटवर बघून जा. कुणाला पाठवणार असाल, तर तुमच्या सहीचं अधिकारपत्र, तुमची पावती, तुमच्या ओळखपत्राची प्रत आणि जाणाऱ्याचं मूळ ओळखपत्र लागतं. नवरा-बायको किंवा आई-वडील असले तरी अधिकारपत्राशिवाय परत पाठवलं जाऊ शकतं. अधिकारपत्राचा नमुना केंद्राच्या साइटवर असेल, तर तोच वापरा. सगळ्या कुटुंबाचे अर्ज एकत्र दिले असले, तरी सगळे पासपोर्ट एकाच दिवशी परत येतील असं धरू नका. प्रत्येकाची पावती वेगळी तपासा.

कुरिअर निवडलं असेल तर ओळखपत्र घेऊन घरी कुणीतरी हवं. कुरिअरवाल्याचा फोन नवख्या नंबरवरून येतो, तेवढे दिवस असे फोन उचला. 'खाली ठेवून जा' असं कधीच सांगू नका. पाकीट फाटलेलं किंवा पुन्हा चिकटवलेलं दिसलं, तर सही करण्याआधी त्याचा फोटो काढा आणि पावतीवर तसं लिहा. फार दिवस न नेलेला पासपोर्ट केंद्र सांभाळत बसत नाही, तो वकिलातीकडे परत जातो. मग तो मिळवायला नव्याने खेटे.

पायरी ७: तिथेच उघडून बघा

पाकीट घरी येऊन उघडायचं, ही घाई नसली तरी चूक आहे. केंद्रातच उघडा. मात्र आत आणखी एखादं सीलबंद पाकीट असेल आणि त्यावर उघडू नये असं लिहिलं असेल, तर त्याला हात लावू नका. ते सीमेवरच्या अधिकाऱ्यासाठी असतं.

स्टिकरवर आधी नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक जुळवा. मग तारखा. शेंगेनच्या स्टिकरवर दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि त्यांची गल्लत फार होते: एक, व्हिसा कधीपासून कधीपर्यंत वैध, दोन, त्या काळात प्रत्यक्ष किती दिवस राहता येईल. वैधता ४५ दिवसांची आणि मुक्काम ३० दिवसांचा, असं असू शकतं. तुम्ही मोजायचे ते मुक्कामाचे दिवस. किती वेळा आत जाता येईल तेही तिथेच असतं: ०१, ०२ किंवा अनेक वेळांसाठी 'मल्ट'. एका प्रवेशाच्या व्हिसावर शेजारच्या बिगरशेंगेन देशात फिरून परत यायचा बेत असेल, तर तो तिथेच कोसळतो.

अमेरिकेच्या व्हिसावरची शेवटची तारीख ही आत शिरण्याची शेवटची तारीख. किती दिवस राहायचं ते सीमेवर ठरतं आणि आय-९४ या प्रवेशाच्या अधिकृत नोंदीत दिसतं. ई-व्हिसा असेल तर पासपोर्टवर काहीच नसेल. ईमेलमधल्या पत्रावरचा पासपोर्ट क्रमांक नीट तपासा, कारण तिथे एक आकडा चुकला तरी विमान कंपनी चढू देत नाही.

चूक दिसली तर त्याच दिवशी केंद्राला आणि वकिलातीला कळवा. 'चालून जाईल' म्हणून प्रवास करू नका. दिलेले मूळ कागद तुमच्या यादीशी ताडून घ्या, मगच बाहेर पडा.

नकार आला तर

पासपोर्टसोबत पत्र असतं, ते जपून ठेवा. शेंगेनच्या नकारपत्रात छापील कारणांपैकी लागू असलेल्यांवर खूण केलेली असते आणि अपील कुठे, किती दिवसांत करायचं तेही लिहिलेलं असतं. अपील त्या त्या देशाच्या कायद्याप्रमाणे चालतं. अमेरिकेच्या २१४(बी) नकारावर, म्हणजे तुम्ही मायदेशी परत जाल याची खात्री न पटल्याने दिलेल्या नकारावर, अपील नसतं. परिस्थितीत खरा बदल झाला असेल तेव्हा नवा अर्ज करायचा. काहीच न बदलता त्याच कागदांवर पुढच्या आठवड्यात पुन्हा अर्ज टाकणं, म्हणजे शुल्क वाया घालवणं. पुढच्या अर्जांत, दुसऱ्या देशाच्या सुद्धा, 'कधी व्हिसा नाकारला गेला का' असा प्रश्न येतो. त्याचं उत्तर खरंच द्या. लपवलेला नकार उघडकीस आला, की तो मूळ नकारापेक्षा जड जातो.

पासपोर्ट हरवला किंवा संपला तर

व्हिसासकट पासपोर्ट हरवला, तर पोलिसात तक्रार, मग आपल्या देशाच्या वकिलातीला आणि व्हिसा देणाऱ्या देशाला कळवणं, या क्रमाने जा. हरवलेला म्हणून नोंदवलेला पासपोर्ट नंतर सापडला, तरी त्यावर प्रवास करता येत नाही. आणि पासपोर्टची मुदत संपली पण त्यावरचा अमेरिकेचा व्हिसा अजून वैध असेल, तर जुना आणि नवा असे दोन्ही पासपोर्ट सोबत ठेवून प्रवास करता येतो. जुन्यातलं व्हिसाचं पान फाडू किंवा सोडवू नका, तसं केलं की व्हिसा बाद होतो. ई-व्हिसा असेल तर नवा पासपोर्ट क्रमांक त्या देशाच्या ऑनलाइन खात्यात आधी नोंदवा आणि त्यानंतरच विमानतळावर जा.